“नियमाप्रमाणेच झालं” म्हणजे हिशोब झाला काय?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्याच्या घरचं सोनं आज कुठल्या ना कुठल्या तिजोरीत गहाण पडलं आहे, त्यानं शेवटपर्यंत वाचा. ज्याचं नाही त्यानंही वाचा. पेरणी दरवर्षी येते आणि सोनं दरवर्षी निघतं.

परवा दुकानात एक काकू आल्या. हातात रजिस्टर पोस्टाचा लिफाफा, घामानं ओला झालेला. “भाऊ, हे वाचून सांगा बरं काय लिवलं हाये. झेरॉक्स मंग काढा.”

वाचलं. २०२४ च्या जूनमध्ये पोत आणि कानातले ठेवून काढलेलं कर्ज थकलं, म्हणून दागिन्यांचा लिलाव करण्यात आला, कर्ज, व्याज आणि खर्च वजा जाता शिल्लक रक्कम ११,४०० रुपये आपल्या खात्यात जमा करण्यात येईल. खाली शिक्का. सही कोणाची ते कळत नाही.

काकू म्हणाल्या, “पयला कापूस इकला, पैसे घेऊन सोडवाले गेली, तं म्हणते सोनं गेलं. म्या म्हणलं, काहून इकलं? मले सांगाले काय झालं होतं? तं म्हणते, मेसेज पाठोला होता.”

मेसेज गेला होता. ज्या नंबरवर गेला तो पोराचा जुना नंबर. पोरगा दोन वर्षांपासून पुण्यात, सिम कधीच बदललं. घरचा पत्ता त्या पावतीवर नीट लिहिलेला होता. त्याच पत्त्यावर हा लिफाफा आला की नाही? लिलाव झाल्याचं कळवायला पत्ता सापडला, होणार आहे हे कळवायला सापडला नाही.

मी त्यांच्यासोबत गेलो. काउंटरवरचा पोरगा आपल्यातलाच, चांगला बोलला. पण त्याचं एकच पालुपद. “दादा, सिस्टीमनं केलं. सगळं नियमाप्रमाणेच झालं.” विचारलं, किती भावानं विकलं? “ते हेड ऑफिसला असते.” कोणी घेतलं? “ते आमाले नाही दिसत.” वजन किती धरलं? “सिस्टीममधी असन.”

संस्थेचं नाव मी लिहीत नाही. ती कोणती, हे कमेंटमध्ये विचारूही नका. एका काउंटरवर राग काढून मोकळं होण्याची ही गोष्ट नाही. माझं भांडण त्या एका वाक्याशी आहे. नियमाप्रमाणेच झालं.

आधी आकडे बोलू

पावतीवर निव्वळ वजन २० ग्रॅम लिहिलं आहे. मणी, दोरा, घट सगळं वजा करून २० ग्रॅम. २२ कॅरेट.

जून २०२४ मध्ये २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला सुमारे ६,६०० होता. म्हणजे दागिना १ लाख ३२ हजारांचा. त्यावर कर्ज ९० हजार. वर्षाला १८ टक्के व्याज. लिलाव सप्टेंबर २०२५ च्या मध्यावर, म्हणजे पंधरा महिन्यांनी. व्याज झालं २०,२५०. नोटीस आणि लिलावाचा खर्च दोन हजार धरा. एकूण देणं १ लाख १२ हजार २५०.

आता सप्टेंबर २०२५ चा भाव आठवा. २२ कॅरेट ग्रॅमला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. २० ग्रॅमचे दोन लाख. देणं वजा केलं तर काकूच्या पदरात ८७ हजारांच्या वर यायला पाहिजे होतं. बरं, लिलावात पूर्ण भाव मिळत नाही, हेही मान्य करतो. बाजारभावाच्या ८५ टक्क्यांनीच गेलं समजा, तरी १ लाख ७० हजार. तरी ५७ हजारांच्या वर उरतात.

त्यांना मिळणार ११,४००.

उलटा गुणाकार करा. १,१२,२५० अधिक ११,४०० म्हणजे १,२३,६५०. भागिले २०. ग्रॅमला ६,१८२ रुपये. म्हणजे गहाण ठेवताना जो भाव होता त्याच्याही खाली सोनं विकलं गेलं, आणि तेही सोन्यानं पंधरा महिन्यांत कधी नव्हे एवढी उडी मारली असताना. नाहीतर वजन कमी धरलं. नाहीतर कुठला तरी खर्च असा लावला जो कागदावर नाही. यातलं काय झालं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मला तो कागदच मिळाला नाही. माझी पहिली तक्रार तीच आहे.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न किती घरांचा आहे, हे वणीपासून उमरखेडपर्यंत कोणालाही विचारा. मृगाच्या आधी बियाणं आणि खत घ्यायचं तर बायकोची पोत निघते. कापूस आला की सुटते. पुढच्या जूनला परत जाते. आपल्याकडे सोनं हौसेचं कमी आणि पेरणीचं जास्त. पीककर्ज मिळालं नाही, उशिरा मिळालं किंवा जुनं थकलं म्हणून नाकारलं, की ही एकच खिडकी उघडी राहते. २०२५ च्या अतिवृष्टीत ज्यांचं सोयाबीन वावरातच सडलं, त्यांच्या पावत्या कोणत्या तिजोरीत अडकल्या असतील त्याचा अंदाज करा. ते थकबाकीदार होते, खरं आहे. पण थकला म्हणून माणसाचा हिशोब मागायचा हक्क संपतो काय?

“आता तं कोडवरच कर्ज भेटते भाऊ”

ही गोष्ट सांगितली तेव्हा आपल्याच गल्लीतला एक इंजिनिअर पोरगा म्हणाला, “म्हणूनच भाऊ, आता डीफाय. मधात माणूसच नाही. तारण कोडमधी ठेवायचं, कर्ज घ्यायचं, भाव पडला तं आपोआप लिलाव. कोणाची मनमानी नाही.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रिप्टोच्या जगात विकेंद्रित कर्जाच्या व्यवस्था आहेत. बँक नाही, मॅनेजर नाही. तुमच्याकडचं ईथर वगैरे तारण ठेवायचं, त्याच्या किमतीपेक्षा कमी कर्ज उचलायचं. तारणाची किंमत एका रेषेच्या खाली गेली की संगणकाचा प्रोग्राम ते विकून टाकतो आणि कर्ज वसूल करतो. ते याला लिक्विडेशन म्हणतात. आपण लिलाव म्हणतो. पोत आणि ईथर यात फरक एवढाच की तिथं रजिस्टर पोस्टाचा लिफाफा येत नाही. सकाळी उठून फोन बघायचा.

पोराला मी १२ मार्च २०२० ची गोष्ट सांगितली. कोरोनाची भीती जगभर पसरली होती, त्या एका दिवसात ईथरचा भाव ४० टक्क्यांहून जास्त पडला. मेकर नावाची या धंद्यातली तेव्हाची सगळ्यात मोठी व्यवस्था. तिचा नियम असा होता की तारण विकावं लागलं तर १३ टक्के दंड कापायचा आणि उरलेलं कर्जदाराला परत करायचं. कागदावर एकदम चोख. पण त्या दिवशी नेटवर्कवर एवढी गर्दी झाली की बोली लावणारे प्रोग्राम अडकून पडले. मैदानात उरले एकदोघे. त्यांनी बोली लावली शून्य. आणि शून्याच्या बोलीला समोर दुसरी बोलीच नाही, म्हणून प्रोग्रामनं तारण त्यांच्या हातात दिलं. ८० लाख डॉलरहून जास्त किमतीचं तारण असं फुकट गेलं. ज्यांना वाटत होतं की फार तर १३ टक्के जातील, त्यांचं सगळं गेलं.

लोकांनी भरपाई मागितली. मग मतदान झालं. मतदान कोणाचं? त्या व्यवस्थेचे टोकन ज्यांच्याकडे आहेत त्यांचं. भरपाई द्यायची तर नवीन टोकन काढावे लागणार, म्हणजे यांच्याच टोकनची किंमत उतरणार. सप्टेंबर २०२० मध्ये निकाल लागला. भरपाई नाही. ज्याच्या खिशातून जाणार त्यालाच न्यायाधीश केलं तर दुसरं काय होणार? आणि कारण काय दिलं गेलं, तर कोड सगळ्यांना वाचायला खुला होता, जोखीम माहीत होती. थोडक्यात, नियमाप्रमाणेच झालं.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला कंपाउंड नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेत वेगळाच प्रकार झाला. डाय नावाचं नाणं, ज्याची किंमत कायम एक डॉलरच्या आसपास असायला पाहिजे, ते एका बाजारात थोड्या वेळासाठी १.३० डॉलर दिसलं. भाव सांगणारी यंत्रणा त्याच बाजाराकडे बघत होती. डायमध्ये ज्यांनी कर्ज घेतलं होतं त्यांचं कर्ज कागदावर अचानक ३० टक्क्यांनी फुगलं आणि सुमारे ८ कोटी ९० लाख डॉलरचं तारण विकलं गेलं. थोड्या वेळानं नाणं परत जागेवर आलं. विकलं गेलेलं तारण आलं नाही.

आता याच्या उलटी गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्रिप्टो बाजार एका रात्रीत कोसळला. बायनान्स या बाजारात तारण म्हणून चालणाऱ्या तीन नाण्यांचे भाव त्याच बाजारात बाकी जगापेक्षा कितीतरी खाली गेले आणि त्या खोट्या भावावर लोकांचं तारण उडालं. त्या कंपनीनं सुमारे २८ कोटी ३० लाख डॉलर भरपाई दिली. बाजार पडला म्हणून जे नुकसान झालं ते भरून दिलं नाही, आपल्याकडच्या भावानं घोळ केला तेवढंच दिलं. ही कंपनी काही साधुसंत नाही. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून दिलं असेल. पण दिलं. कारण तिथं पकडायला कोणीतरी होतं.

आता बघा. ज्या व्यवस्थेत “मधात माणूस नाही” तिथं पैसे बुडाले. जिथं माणूस होता, त्याला दार ठोठावता आलं. माणूस नाही म्हणजे मनमानी नाही, असं पोराला वाटत होतं. पण नियम माणसानंच लिहिला. भाव कुठून घ्यायचा हे माणसानंच ठरवलं. बोली लावायला कोणीच नसलं तरी विकायचं, हेही कोणीतरी ठरवलंच, किंवा ठरवायचं विसरला. मनमानी गेली नाही, ती फक्त आधी करून ठेवली.

आणि आपलं सरकार? २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, व्यवहारावर १ टक्का टीडीएस. तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजाही करू देत नाही. कर घ्यायला खिडकी आहे, चुकीचा लिलाव झाला तर तक्रार घ्यायला नाही. यवतमाळचे किती पोरं यात पैसे घालून बसले आहेत ते मला दुकानात बसून दिसतं. पोरांनो, बापाच्या पोतीच्या गहाणाला निदान कायदा आहे. तुमच्या ईथरच्या गहाणाला तोही नाही.

बाजार पडणं वेगळं, काटा मारणं वेगळं

इथं कोणी म्हणेल, म्हणजे सोनं विकलं की रडायचं आणि भरपाई मागायची काय? नाही. मी कर्ज बुडवायची वकिली करत नाही.

कर्ज घेतलं, मुदत गेली, नोटीस हातात आली, वेळ दिला, तरी भरले नाहीत, खुल्या लिलावात खऱ्या भावानं सोनं विकलं, उरलेले पैसे परत दिले. यात अन्याय नाही. दुःख आहे, पण अन्याय नाही. सोन्याचा भाव पडला आणि कमी पैसे आले, त्याचीही भरपाई नाही. बाजार कोणाच्या बापाचा नसतो.

अन्याय तीन ठिकाणी होतो. पहिला, खबरच नाही, किंवा पोहोचणार नाही अशा ठिकाणी खबर. दुसरा, भाव किंवा वजन खोटं. तिसरा, उरलेले पैसे आणि त्याचा हिशोब दाबून ठेवणं. मार्केट यार्डात कापसाचा भाव पडला तर शेतकरी नशिबाला बोल लावतो. काटा मारला तर काटा पकडतो. एवढी अक्कल आपल्याला आहे. मग सोन्याच्या वेळीच आपण नशिबाला काहून बोल लावतो?

सही आहे, पण सहीच्या मागं काय आहे?

“तुमची सही आहे ना” हे उत्तर आपल्या लोकांना दीडशे वर्षांपासून ऐकवलं जात आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध लागलं तेव्हा, १८६१ ते १८६५, इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस लागला आणि भाव आभाळाला टेकले. सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव आपटला, आणि कर्ज मात्र तिथंच राहिलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले. त्यांनी काय जाळलं? दस्त आणि वह्या. त्यांना माहीत होतं की जीव घेतला आहे तो कागदानं, ज्यावर त्यांचा अंगठा आहे आणि ज्यात काय लिहिलं ते त्यांना वाचता येत नाही.

इंग्रज सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट आणला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता, आपला वऱ्हाड त्यात नव्हता. पण त्यातली एक गोष्ट लाखमोलाची आहे. कोर्टानं नुसतं दस्तावर थांबायचं नाही, दस्ताच्या मागं जाऊन पहिल्या दिवसापासूनचा हिशोब तपासायचा. सही आहे, ठीक. घेतले किती, दिले किती, व्याज किती लावलं, ते दाखवा. परक्या सरकारला १८७९ मध्ये जे कळलं ते आपल्या काउंटरला अजून कळलं नाही.

त्याच्याही आधीचा १८७२ चा करार कायदा आजही लागू आहे. त्याचं कलम १७६ सांगतं की गहाण वस्तू विकायची तर गहाण ठेवणाऱ्याला वाजवी नोटीस द्यावी लागते, आणि विक्रीतून जास्त पैसे आले तर ते त्याला परत द्यावे लागतात. कलम १७७ सांगतं की मुदत टळली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पैसे भरून वस्तू सोडवायचा त्याचा हक्क राहतो. काकूला नोटीस मिळाली असती तर त्यांनी कुठून तरी उसनवारी करून पोत सोडवली असती. तो हक्क त्यांच्या हातातून गेला, आणि त्याची किंमत कोणीच मोजत नाही.

२०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा तर आपल्याच विधानमंडळानं केला. सावकारी व्यवहारातून जमीन बळकावली असेल तर पंधरा वर्षांपर्यंत मागं जाऊन जिल्हा निबंधकाला चौकशी करता येते, खरेदीखत अवैध ठरवता येतं, जमीन परत देता येते. म्हणजे तिथं कायदा म्हणतो, रजिस्ट्री झाली असेल, सही असेल, साक्षीदार असतील, तरी मागं जाऊन बघू. एप्रिल २०१५ मध्ये तर सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं परवानाधारक सावकारांकडचं थकीत कर्ज स्वतः भरून गहाण वस्तू सोडवायचा निर्णय घेतला होता. सावकाराचं नुकसान होऊ नये याची काळजी लगेच घेता येते. मग गहाण ठेवणाऱ्याची काहून नाही?

रिझर्व्ह बँकेनं अर्धं काम केलं

रिझर्व्ह बँकेनं स्वतः ३० सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात कबूल केलं की सोनेतारण कर्जात गडबडी सापडल्या. गिऱ्हाईक समोर नसताना मूल्यांकन होतं, लिलावात पारदर्शकता नाही, असे त्यातले मुद्दे. म्हणजे काकूची तक्रार ही काही बाईच्या डोक्यातली शंका नाही, देशाच्या मध्यवर्ती बँकेनं लिहून ठेवलेली गोष्ट आहे.

मग ६ जून २०२५ ला नवीन नियम आले, १ एप्रिल २०२६ ही ते लागू करायची शेवटची तारीख. नियम चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. सोनं तपासताना कर्जदार समोर पाहिजे. वजन, शुद्धता आणि घट यांचा दाखला द्यायचा. लिलावाची राखीव किंमत चालू भावाच्या ९० टक्क्यांच्या खाली नाही, दोनदा लिलाव फसला तरच ८५. लिलावाचे पूर्ण पैसे आले की सात कामाच्या दिवसांत शिल्लक परत. आणि कर्ज पूर्ण फेडल्यावर दागिना द्यायला संस्थेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

त्या शेवटच्या ओळीकडे नीट बघा. दागिना उशिरा दिला तर दिवसाला पाच हजार. आणि दागिना चुकीच्या पद्धतीनं विकूनच टाकला तर? त्याला असा ठरलेला दर नाही. जा, तक्रार करा, भांडा, सिद्ध करा. उशिराला किंमत आहे, कायमचं घालवलं त्याला नाही. मग विकून मोकळं होणंच सोपं.

आणखी दोन भोकं. नवीन नियम नवीन कर्जाला. आधीच दिलेल्या कर्जाला जुनेच नियम. म्हणजे काकूसारख्यांच्या हातात हा कागद येतच नाही. दुसरं, हे नियम बँका, सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्यांना. आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली असलेल्या पतसंस्था सहकार खात्याकडे, परवानाधारक सावकारही सहकार खात्याकडे. त्यांच्यासाठी राखीव किंमत कोण ठरवणार?

आणि अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला आता ७५ ऐवजी ८५ टक्के मिळणार म्हणून टाळ्या वाजल्या. जास्त कर्ज म्हणजे मधली जागा कमी. भाव थोडा जरी घसरला तरी लिलावाची रेषा जवळ. क्रिप्टोवाल्यांना विचारा ती रेषा जवळ आली की रात्री झोप कशी लागते.

“मग भरपाई भरणार कोण? ठेवीदार?”

हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळत नाही. पतसंस्थेतल्या ठेवी आपल्याच मास्तरांच्या, आपल्याच विधवा बहिणींच्या आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या बाबाजी दाते महिला बँकेचा परवाना रद्द झाला तेव्हा ठेवीदारांचे हाल आपण सगळ्यांनी बघितले. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा होता म्हणून बरेच जण तरले. पाचच्या वर ज्यांचं होतं त्यांना विचारा.

पण त्याच गोष्टीतून दुसरी गोष्ट शिका. ठेवीला विमा आहे. गहाणाला काय आहे? ठेवीदारानं विश्वासानं पैसे ठेवले, काकूनं विश्वासानं पोत ठेवली. दोन्ही वस्तू दुसऱ्याच्या तिजोरीत. एकीला छत आहे, दुसरी उघड्यावर.

पैसे कुठून येतील, तेही सांगतो. थकीत कर्जावर दंड घेतात, नोटीस खर्च घेतात, लिलाव खर्च घेतात, सोनं तपासायची फी घेतात. त्यातलाच एक हिस्सा बाजूला काढून जिल्हापातळीवर निधी करा. लिलावात ज्याची चूक, त्यानं आधी भरायचं. त्याच्याकडून वसूल होईपर्यंत निधीतून द्यायचं. यात ठेवीदाराच्या ठेवीला हात लागत नाही. आणि चूक महाग पडली की चूक कमी होते, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

म्हणून आपली मागणी

एक. लिलाव झाला की सात दिवसांत एका पानावर, मराठीत हिशोब. वजन, टंच, त्या दिवसाचा भाव, विकलेला भाव, कापलेला प्रत्येक खर्च, उरलेले पैसे. मागायची गरज पडू नये.

दोन. लिलावाची नोटीस घरच्या पत्त्यावर, पोच घेऊन. नुसता मेसेज म्हणजे नोटीस नाही.

तीन. नोटीस सिद्ध करता आली नाही, किंवा राखीव किमतीच्या खाली विकलं, तर लिलावाच्या दिवसाचा नाही, भरपाई देण्याच्या दिवसाचा सोन्याचा भाव धरून फरक भरायचा. त्या बाईला तेवढंच सोनं परत घेता आलं पाहिजे, हा हिशोब.

चार. उशिराला दिवसाला पाच हजार आहेत, तसाच चुकीच्या लिलावाला ठरलेला दर. आणि हे सगळं सहकार खात्यानं पतसंस्था आणि सावकारांनाही लावायचं.

पाच. चूक झाली की नाही हे लिलाव करणाऱ्यानं ठरवायचं नाही. मेकरच्या मतदानासारखा तमाशा आम्हाला नको.

हे निवेदन जिल्हाधिकारी आणि जिल्हा उपनिबंधक यांच्याकडे द्यायचं आहे. सोळाही तालुक्यांतून सह्या पाहिजेत. नेत्यांचे फोटो नकोत, पावत्यांच्या झेरॉक्स पाहिजेत. झेरॉक्स आपल्या दुकानात फुकट. नाव आणि खाते क्रमांक कमेंटमध्ये टाकू नका, कागद घेऊन या.

तोपर्यंत हातात काय आहे

पावतीवरचा मोबाइल नंबर आजच तपासा. बदलला असेल तर लेखी कळवा, पोच घ्या. पावतीवर निव्वळ वजन आणि कॅरेट लिहिलं आहे का बघा, दागिन्याचा फोटो ठेवा. लिलाव झाला असेल तर लेखी हिशोब मागा, तोंडी नाही. बँक किंवा मोठी फायनान्स कंपनी असेल आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. माहितीसाठी १४४४८. पतसंस्था असेल तर उपनिबंधक कार्यालय. सावकार असेल तर तालुक्याचे सहायक निबंधक. आणि ग्राहक आयोग सगळ्यांसाठी आहे, पण दोन वर्षांच्या आत.

काकूचा अर्ज आम्ही दिला आहे. त्यात भरपाईचा आकडा लिहिलाच नाही. काकूनंच लिहू दिला नाही. म्हणाल्या, “पैशाचं मंग पाहू भाऊ. पयले इचारा, माही पोत केवढ्याले इकली. लगनातली होती, मले भाव तं मालूम पडू द्या.”

एका ओळीचा प्रश्न आहे. उत्तर कोणत्या तरी संगणकात पडलेलं आहे, बटण दाबलं की निघतं. ते निघत नाही तोवर “नियमाप्रमाणेच झालं” हे वाक्य माझ्यासमोर कोणी बोलू नये.

तुमच्या घरची पावती काढा. तारीख बघा. आणि ही पोस्ट ज्याच्या घरची पोत तिजोरीत आहे त्याला पाठवा.